ब्लॅक टॅलन: एका गोळीची ख्याती आणि तिचे प्रत्यक्ष काम

२२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीने जाहीर केले, की 'ब्लॅक टॅलन' ही पिस्तुलाची काडतुसे यापुढे सामान्य ग्राहकाला मिळणार नाहीत, फक्त पोलिसांना विकली जातील. त्यानंतर पंधराव्या दिवशी, ७ डिसेंबरला, न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून संध्याकाळी ५ वाजून ३३ मिनिटांनी हिक्सव्हिलकडे निघालेल्या लोकलच्या तिसऱ्या डब्यात कॉलिन फर्ग्युसन नावाचा प्रवासी उठला. नऊ मिलिमीटरच्या रुगर पी-८९ पिस्तुलातून तो डब्यातल्या माणसांवर गोळ्या झाडत गेला. सहा जण मेले, एकोणीस जखमी झाले. पिस्तुलात ब्लॅक टॅलन गोळ्या होत्या आणि त्या त्याने कंपनीच्या माघारीआधीच विकत घेतल्या होत्या.

या दोन तारखांमुळे ब्लॅक टॅलन अमेरिकेतली सर्वांत बदनाम पिस्तूल-गोळी ठरली. तिच्यावर संसदेत चर्चा झाली, डॉक्टरांनी चिंता व्यक्त केली आणि अपील न्यायालयाने निकाल लिहिला. नाव ऐकताच लोकांच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, ते आणि गोळीने शरीरात प्रत्यक्ष केलेले काम यांत किती अंतर होते, हे या प्रकरणात बऱ्यापैकी स्पष्टपणे तपासता येते. तसे तपासायलाच हवे असे मला वाटते, कारण चुकीच्या वस्तूवर सारा राग खर्च झाला की खऱ्या कारणाला कुणी हातच लावत नाही.

मायामीतली एक गोळी

ब्लॅक टॅलनचा जन्म समजायचा तर ११ एप्रिल १९८६ या दिवसाकडे जावे लागते. त्या सकाळी मायामीच्या उपनगरात एफबीआयच्या आठ जणांनी बँका लुटणाऱ्या दोघांची गाडी अडवली: मायकेल प्लॅट आणि विल्यम मॅटिक्स. पाच मिनिटांच्या आत सुमारे १४५ गोळ्या झाडल्या गेल्या. दोन्ही दरोडेखोर ठार झाले, पण त्याआधी जेरी डव्ह आणि बेन ग्रोगन हे दोन अधिकारी मारले गेले आणि पाच जखमी झाले.

चकमकीच्या सुरुवातीलाच डव्ह यांची एक गोळी प्लॅटच्या उजव्या दंडातून पार होऊन छातीत शिरली होती. ती विंचेस्टरची 'सिल्व्हरटिप' गोळी होती: नऊ मिलिमीटर, ११५ ग्रेन (साधारण साडेसात ग्रॅम) वजनाची, पोकळ टोकाची. तिने फुफ्फुस फोडले आणि हृदयापासून साधारण एक इंच अलीकडे ती थांबली. ही जखम प्राणघातकच होती. पण प्लॅट लगेच पडला नाही. त्यानंतरही तो रायफल चालवत राहिला आणि दोन्ही अधिकाऱ्यांचा जीव त्याने त्या जखमेनंतरच घेतला.

'मारणे' आणि 'थांबवणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या क्रूरपणे क्वचितच समोर येते. पोलिसाला समोरच्याचा मृत्यू नको असतो, त्याला समोरच्याचा हात त्या क्षणी थांबायला हवा असतो. आणि इथे हात थांबला नव्हता.

पराभवाची कारणे अनेक होती. दरोडेखोराकडे रायफल होती, तर बहुतेक अधिकाऱ्यांच्या हाती पिस्तुले किंवा रिव्हॉल्व्हर. अंगावरची चिलखते, गाड्यांची धडक, डावपेच, सगळ्यावरच प्रश्न निघाले. पण एफबीआयने मुख्य बोट ठेवले ते गोळीवर: ती पुरेशी खोल गेली नाही. १९८७ मध्ये क्वांटिको इथल्या एफबीआयच्या केंद्रात जखमांचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांची बैठक झाली. त्यांत लष्करी शल्यविशारद मार्टिन फॅकलर होते, सॅन फ्रान्सिस्कोच्या लेटरमन संस्थेत गोळीच्या जखमांची प्रयोगशाळा चालवणारे. १९८९ मध्ये एफबीआयच्या युरी पॅट्रिक यांनी या सगळ्याचे सार एका टिपणात मांडले.

त्या टिपणातली गोष्ट तशी साधी आहे, तरी चित्रपट पाहून तयार झालेल्या मनाला ती पटायला वेळ लागतो. पिस्तुलाची गोळी माणसाला 'उडवत' नाही. वेगाने जाताना ती मांस क्षणभर बाजूला ढकलते, पण पिस्तुलाच्या वेगाला ते ताणलेले मांस बहुतांशी पुन्हा जागेवर येते. टिकते ते फक्त गोळीने प्रत्यक्ष चिरडलेले आणि फाडलेले भोक. माणूस खात्रीने कोसळतो तो दोनच मार्गांनी: मेंदूला किंवा मज्जारज्जूच्या वरच्या भागाला मार बसला तर, नाहीतर रक्त वाहून गेले तर. हृदय पूर्ण निकामी झाले तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर माणूस दहा ते पंधरा सेकंद ठरवून हालचाल करू शकतो. म्हणून गोळी महत्त्वाच्या अवयवापर्यंत पोहोचणे ही पहिली गरज आहे. भोक किती रुंद, हा प्रश्न त्यानंतरचा.

यातून मोजमाप ठरले. चार अंश सेल्सियसला ठेवलेल्या दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच, म्हणजे तीस सेंटिमीटर शिरली पाहिजे. नुसत्या जिलेटिनमध्येच नव्हे, तर जाड कपडे, पत्रा, भिंतीचा बोर्ड, प्लायवूड आणि गाडीची काच ओलांडूनही. माणसाची छाती तेवढी जाड नसते हे खरे. पण समोर आडवा दंड असू शकतो, कोन तिरका असू शकतो. प्लॅटच्या बाबतीत दोन्ही होते.

आता विंचेस्टरच्या जागी उभे राहून पाहा. गाजलेल्या अपयशातली गोळी त्यांची. देशभरातली पोलीस खाती नव्या मोजमापाने नवी काडतुसे घ्यायला निघालेली. ब्लॅक टॅलन हे त्या मागणीला दिलेले उत्तर होते. ती १९९१ च्या सुमारास बाजारात आली: नऊ मिलिमीटरमध्ये १४७ ग्रेन, पॉइंट फोर्टीमध्ये १८० आणि पॉइंट फोर्टी-फाइव्हमध्ये २३० ग्रेन. सगळ्या आपापल्या कॅलिबरमधल्या, म्हणजे व्यासाच्या मापातल्या, जड गोळ्या, खोल जाण्यासाठी. म्हणजे ज्या कंपनीला आधी 'तुमची गोळी कमी पडली' हे ऐकावे लागले, तिलाच सात वर्षांत 'तुमची गोळी फार भयंकर आहे' हे ऐकावे लागले.

सहा नख्या

पोकळ टोकाची गोळी शरीरात शिरली की तिच्या खळग्यात ओले मांस दाबले जाते, आतून दाब येतो आणि टोक बाहेरच्या बाजूला उमलते. शिसे पसरते, व्यास वाढतो, गोळी मंदावते आणि बहुतेकदा शरीरातच थांबते. एवढ्यापुरती ब्लॅक टॅलन इतरांसारखीच होती.

वेगळेपण आवरणात होते. नेहमीच्या गोळीत तांब्याचे आवरण तोंडाशी पातळ असते आणि उमलताना ते मागे दुमडून शिशाला चिकटते. ब्लॅक टॅलनमध्ये ते तोंडाशी उलट जाड ठेवले होते आणि त्यावर सहा ठिकाणी आधीच चिरा दिल्या होत्या. त्यामुळे गोळी उमलली की आवरणाच्या सहा पाकळ्या होत आणि त्यांची टोकदार अग्रे शिशाच्या पलीकडे आडवी बाहेर येत. शिकारी पक्ष्याच्या नख्यांचे नाव तिथून आले.

काळा रंग 'लुबालॉक्स' नावाच्या लेपाचा. हा ऑक्साइडचा पातळ थर आहे. नळीतले घर्षण आणि नळीत साचणारे तांबे कमी व्हावे, हा त्याचा उद्देश. विंचेस्टरने शिकारीच्या इतर गोळ्यांवरही तो वापरला आहे. जखमेशी त्याचा काही संबंध नाही. पण चकचकीत रुपेरी काडतुसात बसवलेली काळीकुट्ट गोळी, तिला शिकारी नख्यांचे नाव आणि उमललेल्या सहा टोकांचा मोठा केलेला फोटो, अशी ही जोडणी होती. हे दिसणे अपघाताने आले नव्हते. विक्रीसाठी ते ठरवून केलेले होते आणि पुढे जे झाले त्यातला कंपनीचा वाटा इथे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. भीती विकायला काढली की ती कुणाच्या मनात किती उतरेल, हे विकणाऱ्याच्या हाती राहत नाही.

काळ्या लेपावरून पहिली अफवा उठली ती अशी, की ही गोळी पोलिसांचे चिलखत भेदते. हा गोंधळ जुन्या प्रकरणातून आला. १९६० च्या दशकात ओहायोत 'केटीडब्ल्यू' नावाची कठीण धातूची, टेफ्लॉनचा लेप दिलेली गोळी निघाली होती. १९८२ मध्ये एनबीसी वाहिनीने तिच्यावर कार्यक्रम केला, 'पोलिसांचा जीव घेणाऱ्या गोळ्या' अशी बोंब झाली आणि १९८६ मध्ये चिलखतभेदी पिस्तूल-गोळ्यांवर केंद्रीय कायदा आला. त्या गोळीतही भेदण्याचे काम कठीण धातू करत होता, टेफ्लॉन नळीच्या रक्षणासाठी होते. लोकांच्या लक्षात मात्र 'लेप दिलेली गोळी चिलखत फोडते' एवढेच राहिले. ब्लॅक टॅलनमध्ये मऊ शिसे आणि तांबे होते. टोक उमलणारी अशी गोळी मऊ चिलखतावर पसरते, म्हणून तिला थोपवणे चिलखताला उलट सोपे जाते.

दुसरी भीती शस्त्रक्रियागृहातली होती आणि तिच्यात तथ्य होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एड्सचे सावट प्रत्येक शल्यविशारदाच्या डोक्यावर होते. रक्ताने भरलेल्या जखमेत बोटे घालून गोळी शोधायची आणि तिच्या टोकाने हातमोजा फाटायचा, ही कल्पनाच घाबरवणारी होती. बोटांऐवजी चिमट्याने काढा, आधी एक्स-रे बघा, असे सल्ले दिले गेले आणि ते योग्यच होते. फक्त एवढे लक्षात ठेवले पाहिजे, की फाटलेल्या आवरणाचे तुकडे आणि मोडलेल्या हाडाच्या कपच्या इतर कुठल्याही गोळीच्या जखमेतही असतात आणि त्याही हातमोजा फाडतात.

कॅलिफोर्निया स्ट्रीट, क्रमांक १०१

बदनामीची खरी सुरुवात लोकलच्या हत्याकांडाआधीच, १ जुलै १९९३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाली. जियान लुइगी फेरी हा माणूस कॅलिफोर्निया स्ट्रीटवरच्या १०१ क्रमांकाच्या इमारतीत, चौतिसाव्या मजल्यावरच्या पेटिट अँड मार्टिन या वकिली कार्यालयात शिरला. त्याच्याजवळ दोन टेक-डीसी९ पिस्तुले आणि एक पॉइंट फोर्टी-फाइव्ह पिस्तूल होते. त्याने आठ जणांना ठार केले, सहा जणांना जखमी केले आणि शेवटी स्वतःला संपवले. त्याच्या दारूगोळ्यात ब्लॅक टॅलन सापडल्या.

बातम्यांमधून लोकांपर्यंत जे पोहोचले ते असे, की या गोळ्या शरीरात शिरून करवतीसारख्या फिरतात, अवयवांच्या चिंध्या करतात आणि जखम झालेला माणूस वाचूच शकत नाही. हे तपासण्याची जागा वर्तमानपत्र नव्हती, शवविच्छेदनाचे टेबल होते. शहराचे मुख्य वैद्यकीय परीक्षक बॉइड स्टीव्हन्स यांनी १९९४ मध्ये सॅक्रामेंटोत जखमांच्या अभ्यासकांच्या परिषदेत आपले निष्कर्ष सांगितले: ब्लॅक टॅलनने झालेल्या जखमांत वेगळे काही आढळले नाही आणि जे मेले ते कुठली ना कुठली गोळी प्राणाच्या जागेतून गेल्यामुळे मेले.

हा निष्कर्ष मला या प्रकरणाचा कणा वाटतो. गोळी निकामी होती असे त्यात म्हटलेले नाही. ती काम करत होती आणि चांगल्या पोकळ गोळीकडून जेवढे अपेक्षित असते तेवढेच करत होती. पाकळ्यांची अग्रे धारदार असल्याने वाटेतली एखादी रक्तवाहिनी बाजूला ढकलली न जाता कापली जाण्याची शक्यता थोडी वाढते, हे मान्य करायला हरकत नाही. पण माणूस जगणार की मरणार हे मुख्यतः गोळी कुठून गेली, किती गोळ्या लागल्या आणि तो किती लवकर रुग्णालयात पोहोचला यावर ठरते. नखी मिलिमीटरभर पुढे येण्याचा हिशेब या तिन्हींच्या खूप मागे येतो.

लोकलच्या डब्यातली आकडेवारी हेच सुचवते. तिथे अगदी जवळून गोळ्या लागलेल्या पंचवीस माणसांपैकी एकोणीस वाचली. एवढ्या लहान आकड्यावरून गोळीला प्रमाणपत्र देता येत नाही, आणि त्या एकोणीस जणांपैकी काहींचे पुढचे आयुष्य त्या जखमांनी कायमचे बदलले हे विसरता येत नाही. तरी 'लागली की मेलाच' ही दंतकथा तिथे टिकत नाही.

कर, माघार, नवे नाव

न्यूयॉर्कचे सिनेटर डॅनियल पॅट्रिक मोयनिहान हे त्या वेळी सिनेटच्या अर्थसमितीचे अध्यक्ष होते. बंदुका देशात इतक्या आहेत की त्या दोन शतके पुरतील, पण गोळ्या संपतात, म्हणून आवर घालायचा तर गोळ्यांवर घाला, अशी त्यांची भूमिका होती. दारूगोळ्यावर आधीपासून ११ टक्के कर होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये त्यांनी तो एकूणच वाढवण्याची आणि ब्लॅक टॅलनसारख्या गोळ्यांवर तब्बल १०,००० टक्के करण्याची सूचना मांडली. म्हणजे वीस डॉलरच्या डब्यावर दोन हजार डॉलर कर. सूचना कायद्यात उतरली नाही. पण बातमी झाली, दडपण वाढले आणि त्याच महिन्यात विंचेस्टरने माघार घेतली.

मोयनिहान यांचा मूळ विचार मला विचार करण्याजोगा वाटतो. संपणाऱ्या वस्तूवर नियंत्रण ठेवणे शक्य असते. पण एकाच नावावर सगळा भर दिल्याने त्या विचाराचे बळ गेले. कारण ब्लॅक टॅलन दुकानातून उठली तरी शेजारच्या फळीवर इतर कंपन्यांच्या पोकळ गोळ्या होत्याच आणि त्या जिलेटिनमध्ये जवळपास तेवढ्याच शिरत, तेवढ्याच उमलत.

पुढे विंचेस्टरने काळा लेप काढला, 'ब्लॅक टॅलन' नाव काढले आणि त्याच रचनेची गोळी 'रेंजर एसएक्सटी' म्हणून पोलिसांना विकणे सुरू ठेवले. एसएक्सटी या अक्षरांचा पूर्ण विस्तार कंपनीने 'सुप्रीम एक्सपान्शन टॅलन' असा केला होता. बंदुका बाळगणाऱ्यांत मात्र त्याचा विस्तार 'सेम एक्झॅक्ट थिंग' असा सांगितला जातो. त्यानंतर 'रेंजर टी-सीरीज' आली. जाड कपड्यातून जाताना खळगा कापडाने बुजून गोळी न उमलण्याची जुनी अडचण त्यात बरीच सुधारली होती. म्हणजे ज्या गोळीवर गदारोळ झाला तिची वंशज तिच्याहून अधिक खात्रीने उमलते आणि तिच्याबद्दल कुणी अग्रलेख लिहीत नाही. काळ्या गोळ्यांचे जुने डबे संग्राहक चढ्या भावाने घेतात.

दमदमची सावली

नाव गोळीच्या पुढे धावण्याचा हा प्रकार नवा नव्हता आणि त्याचा आधीचा अध्याय आपल्या देशात घडला आहे. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत ब्रिटिश-हिंदी सैन्याची तक्रार होती, की पॉइंट थ्री-ओ-थ्री रायफलची पूर्ण आवरणाची गोळी माणसाच्या आरपार जाते आणि तो तसाच धावून येतो. कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकाशी थोडे शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार केली आणि ती तिराहच्या मोहिमेत वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांवर वापरली गेली. युरोपात ओरड झाली. जर्मनीत ट्यूबिंगेनचे प्राध्यापक ब्रुन्स यांनी प्रयोग करून भयानक जखमा दाखवल्या, पण त्यांनी वापरलेल्या गोळ्या दमदमच्या नव्हत्या. त्या शिकारीच्या होत्या आणि त्यांत शिसे कितीतरी अधिक उघडे होते.

२९ जुलै १८९९ रोजी हेग परिषदेने शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात न वापरण्याची घोषणा संमत केली. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात राहिले. ब्रिटनने १९०७ मध्ये ती मान्य केली, अमेरिकेने आजवर नाही. दमदमचे नाव मात्र जगभर पसरले आणि पुढे जवळपास प्रत्येक पोकळ वा मऊ टोकाच्या गोळीला चिकटले. सरहद्दीवरच्या माणसांवर जे चालते ते युरोपीय सैनिकांवर चालणार नाही, हा भेद त्या वेळी उघडपणे बोलला जात होता, आणि मला तो त्या गोळीपेक्षा अधिक घृणास्पद वाटतो.

हेगची बंदी युद्धापुरती आहे. रणांगणावर जी गोळी निषिद्ध, तीच पोलिसाच्या कमरेला कशी, असा प्रश्न प्रामाणिक माणसाला पडतोच. उत्तर गर्दीत आहे. पूर्ण आवरणाची गोळी एका माणसातून निघून मागच्या माणसाला लागू शकते. पोलीस बाजारात, रेल्वे स्थानकात, जिन्यात गोळी झाडतो. तिथे शरीरात थांबणारी गोळी ही मागे उभ्या असलेल्या परक्या माणसाची सुरक्षा असते. न्यूयॉर्क पोलिसांनी पूर्ण आवरणाच्या गोळ्या सोडून पोकळ गोळ्या घेण्याचा निर्णय १९९८ मध्ये, आयुक्त हॉवर्ड सेफर यांच्या काळात, याच कारणाने घेतला. तेव्हाही 'दमदम' हा शब्द पुन्हा ऐकू आला. शेजारच्या न्यू जर्सीत मात्र नागरिकाला पोकळ गोळ्या घर आणि नेमबाजीच्या मैदानासारख्या ठरावीक जागांपलीकडे बाळगता येत नाहीत.

न्यायालयात

लोकलच्या हत्याकांडात कॅरोलिन मॅकार्थी या परिचारिकेचा पती ठार झाला आणि मुलगा गंभीर जखमी झाला. मॅकार्थी कुटुंबाने आणि आणखी एका पीडित कुटुंबाने विंचेस्टरची मालक असलेल्या ओलिन कॉर्पोरेशनवर दावा लावला. त्यांचे म्हणणे असे: ही गोळी मुद्दाम अधिक इजा करण्यासाठी घडवली, तशीच तिची जाहिरात केली आणि ती कुणालाही विकली, तेव्हा तिच्यामुळे वाढलेल्या इजेची जबाबदारी कंपनीची आहे.

जिल्हा न्यायालयाने १९९६ मध्ये दावा फेटाळला. १९९७ मध्ये दुसऱ्या सर्किटच्या, म्हणजे न्यूयॉर्क ज्याच्या कक्षेत येते त्या केंद्रीय अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. बहुमताचा मुद्दा थंड, पण कायद्याच्या चौकटीत सरळ होता. सदोष वस्तू म्हणजे जी अपेक्षेप्रमाणे चालत नाही ती. ही गोळी अगदी अपेक्षेप्रमाणे चालली. गोळीचा धोका हा तिचा दोष नाही, तो तिच्या कामाचाच भाग आहे. आणि कायदेशीरपणे विकलेला माल वापरून तिसऱ्याच माणसाने केलेला गुन्हा रोखण्याचे कर्तव्य न्यूयॉर्कच्या कायद्याने उत्पादकावर टाकलेले नाही. न्यायमूर्ती गिडो कॅलाब्रेसी यांनी भिन्नमत नोंदवले. हा प्रश्न न्यूयॉर्कच्या कायद्यात अजून सुटलेला नाही, म्हणून तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे विचारणेसाठी पाठवावा, असे त्यांचे म्हणणे होते. मला कॅलाब्रेसींची बाजू अधिक पटते. निकाल कदाचित तोच लागला असता, पण तो ज्यांचा कायदा त्यांच्या तोंडून यायला हवा होता.

या खटल्यात एक विचित्र कोंडी होती. फिर्यादींना गोळीची दंतकथा खरी धरावी लागत होती, कारण ती जेवढी भयंकर तेवढा दावा भक्कम. कंपनीलाही 'आमची गोळी इतरांसारखीच' असे मोठ्याने म्हणता येत नव्हते, कारण जाहिरात नेमकी उलट होती. दावा सुरुवातीच्या टप्प्यावरच फेटाळला गेल्यामुळे पुरावे मांडलेच गेले नाहीत आणि शवविच्छेदन काय सांगते हा प्रश्न न्यायालयासमोर आला नाही. निकालपत्रात गोळीचे वर्णन फिर्यादींच्या कथनाप्रमाणे आले: सहा धारदार पाकळ्या मांस आणि हाड ताणत, कापत, फाडत जातात. दंतकथा आता निकालपत्रात छापली गेली होती.

त्यानंतर नावाचे आयुष्य स्वतंत्र झाले. १४ फेब्रुवारी २०१३ रोजी दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियात धावपटू ऑस्कर पिस्टोरियसने बंद दारातून चार गोळ्या झाडल्या, त्यांतल्या तीन त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्पला लागल्या. २०१४ च्या खटल्यात पोलिसांचे तज्ज्ञ मांगेना यांनी साक्षीत ब्लॅक टॅलनचे नाव घेतले, उमलणाऱ्या सहा नख्यांचे वर्णन केले आणि ते जगभर छापून आले. बाजारातून नाव जाऊन वीस वर्षे झाली होती.

त्या डब्यात काय थांबले

फर्ग्युसनने पिस्तूल कॅलिफोर्नियात, १५ दिवसांची प्रतीक्षा पूर्ण करून, कायदेशीरपणे विकत घेतले होते. त्याच्याकडे पंधरा गोळ्यांची चार मॅगझिन, म्हणजे पिस्तुलात बसवायच्या गोळ्यांच्या पेट्या, होती. दोन रिकामी झाली, म्हणजे तीस गोळ्या. तिसरे मॅगझिन बसवताना तीन प्रवाशांनी झेप घालून त्याला सीटवर दाबून धरले. गोळीबार थांबला तो या काही सेकंदांच्या फटीत. पिस्तुलात साध्या पूर्ण आवरणाच्या गोळ्या असत्या तर दाटलेल्या डब्यात त्या एकाला भेदून दुसऱ्याला लागण्याची शक्यता अधिक होती. मॅगझिन दहा गोळ्यांचे असते तर तीच फट दहाव्या गोळीनंतर आली असती.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त आदर वाटतो तो कॅरोलिन मॅकार्थींचा. गोळीवर राग धरून बसायचा सर्वाधिक अधिकार त्यांचा होता आणि दावाही त्यांनी लावला. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. सप्टेंबर १९९४ च्या केंद्रीय कायद्याने दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवर बंदी आली. ती उठवण्याच्या बाजूने त्यांच्या मतदारसंघातले प्रतिनिधी डॅन फ्रीसा यांनी मत दिले, तेव्हा मॅकार्थी त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि १९९६ मध्ये निवडून आल्या. २००४ मध्ये त्या बंदीची मुदत संपली आणि ती पुन्हा आली नाही. २००७ च्या व्हर्जिनिया टेक हत्याकांडानंतर खरेदीदाराच्या पार्श्वभूमीच्या नोंदी सुधारणारा कायदा त्यांनी पुढे नेला आणि जानेवारी २००८ मध्ये त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातल्या टूसानमध्ये ३३ गोळ्यांचे मॅगझिन वापरणाऱ्या हल्लेखोरालाही लोकांनी पकडले ते मॅगझिन बदलतानाच. त्याच महिन्यात मॅकार्थींनी मोठ्या मॅगझिनवर बंदीचे विधेयक पुन्हा मांडले. ते मंजूर झाले नाही. जानेवारी २०१५ पर्यंत त्या प्रतिनिधिगृहात होत्या, आणि तोवर त्यांनी आग्रह धरला तो मॅगझिनच्या आकाराचा आणि बंदूक कुणाच्या हाती जाते याचा.